न दिलेली नोटीस

मस्तगड, जालना
माघ, सन १९४५

चिरंजीव भुजंग,
अक्काचा आशीर्वाद.

काल धावड्याचा कचरू दुकानात आल्ता. औरंगाबादेत तू त्याला भेटलास म्हणे. "लेकीच्या लग्नाची लुगडी आपल्या दुकानातून ने, पैसे सुगीला दे," असं सांगून तू त्याला धाडलंस. वर हेही सांगितलंस, की अक्का न खपलेलं निळं लुगडं गळ्यात मारील, ते घेऊ नको.

वकीलसाहेब तिथंच बसले होते. ते म्हणाले, "दुर्गाबाई, तुमचा भाऊ भागीदारीतून गेला, पण तुम्ही तशी जाहीर नोटीस दिलीच नाही. तोवर लोकांच्या लेखी तो भागीदारच. त्यानं दुकानाच्या नावानं दिलेला शब्द तुम्हाला पाळावा लागणार. उद्या सगळं दुकान वाटून टाकील तो!"

मी "बराबर" म्हटलं आणि कचरूला लुगडी बांधून दिली. त्यात एकही निळं घातलं न्हाई.

तू भांडून गेलास तेव्हापासून वकीलसाहेब त्या नोटिशीचा मसुदा घेऊन सहीला येतात. मी म्हणते, चष्मा सापडत न्हाई. चष्मा नाकावरच असतो.

कचरूला मी पुन्हा पुन्हा विचारलं, "आपलं दुकान म्हणाला का? नक्की?" तो म्हणाला, "व्हय बाई, आपलंच म्हणला."

हे पत्र मी टाकणार न्हाई. तू सरळ माणूस. नोटीस राह्यलीय हे तुला कळलं, तर अक्काचं नुकसान नको म्हणून तू सोताच देऊन मोकळा होशील.

तुझी भागीदार,
दुर्गाअक्का