तांब्या स्टीलचा आहे, दादा

करंजाडे, पनवेल
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी, आर्यन मजेत असालच. आमच्याकडे तुझ्या मेव्हण्याला, कुंदनला, बंदरावर सकाळची पाळी लागली आहे. काल उरणच्या करंज्याहून रंभामावशी सुके बोंबील घेऊन आली. घरभर वास सुटलाय. आईने नुसता वास घेतला, खाल्ला एकही नाही. का, ते तुला माहीत आहे.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं. शिवाय तू ‘मीटिंगमध्ये आहे गं’ म्हणून मोकळा होतोस. पत्र तरी मध्येच कापता येणार नाही.

सोबत तू धाडलेल्या झिंकच्या गोळ्या परत पाठवतेय. उपाशीपोटी घेतल्या आणि आईला ओकाऱ्या सुरू झाल्या. कुणी सांगितलं होतं रे तुला? रक्ताच्या रिपोर्टचा फोटो मी तुला पाठवला, तो डॉक्टरांना काय विचारायचं ते सुचवशील म्हणून. तू ‘जस्त कमी, तांबं जास्त’ एवढंच वाचलंस आणि थेट आईलाच फोन लावलास! ‘आई, तुझ्या रक्तात तांबं वाढलंय. तांब्यातलं पाणी बंद. मासळी बंद.’ कोळणीला मासळी बंद! जिभेला काही हाड?

आणि अरे शहाण्या, आपला तांब्या स्टीलचा आहे! तांब्याचा तांब्या आपल्या घरात होता तरी कधी? पण आईला तांब्या म्हणजे तांब्या. उशाशी असायचा तो तिने उचलून फ्रिजवर ठेवायला लावला. उठून पाणी घ्यायची तिच्यात ताकद नाही, आणि मागायचा संकोच. मी कामावर गेले की दिवसभर तशीच कोरडी पडून राहायची, आणि मला पत्ताच नाही. गेल्या मंगळवारी केमोला नेलं तर दारातच चक्कर येऊन पडली. अंगात पाणीच नाही, म्हणून केमो पुढे ढकलली.

डॉक्टर मॅडमना तुझा शोध सांगितला तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “फुप्फुसातल्या गाठीमुळे अंगभर सूज आहे. त्या सुजेनेच रक्तातलं तांबं वर जातं आणि जस्त खाली येतं. हा आजाराचा धूर आहे, आग नव्हे. भांड्याचा, मासळीचा काय संबंध? जे घशाखाली उतरेल ते खाऊ द्या, पाणी भरपूर पाजा.” मनाने गोळ्या द्यायच्या नाहीत, हेही बजावलं.

आणखीही एक बोलल्या. ते लिहायचं टाळत इथवर आले.

सूज दाखवणारा आकडा मागच्या वेळेपेक्षा कितीतरी वाढलाय. औषध लागू पडत नाहीये. मॅडम म्हणाल्या, “कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा.” आईला मी हे सांगितलेलं नाही. पण ती काय खुळी आहे?

तांब्या तिच्यासमोर धरून वाजवून दाखवला, “अगं, हा स्टीलचा!” ऐकत नाही. मी ग्लासने पाजते तेवढंच पिते. काल चिडून विचारलं, “का गं एवढा हट्ट?” तर म्हणते, “परनितनी सांगलाय ना, तांब्यातला पानी पिवाचा नाय. त्याचा ऐकला नाय तं तो रागावल. मंग येवाचा नाय.”

कळलं? तू यावास म्हणून ती तहानलेली राहतेय! आणि तू पुण्यात बसून फतवे काढतोस. एक्स्प्रेसवेने दोन तास लागतात रे. गणपतीला आला नाहीस, दिवाळीलाही नाही. तुझी ऑफिसं गेली खड्ड्यात!

शेवटचं पाणी घालायला मुलगा लागतो, म्हणून तुला फोन जाईलच, आणि तेव्हा तू धावतही येशील. तो प्रणित मला नको. तिला अजून गिळता येतंय. आत्ता ये आणि तुझ्या हाताने तांब्या तिच्या ओठांना लाव.

तांब्या घासून ठेवलाय.

तुझ्यावर संतापलेली, तरी तुझीच
किशोरी