आजूबाजूच्या वाक्यांवरून

कोथरूड, पुणे
शनिवार, १६ नोव्हेंबर २००२

ती. दादांना हिराचा सप्रेम जयभीम. वहिनींना वेगळा जयभीम, कारण तुमच्या नावानं पाठवलेल्यातला त्यांचा वाटा त्यांना कधी पोहोचत नाही अशी त्यांची जुनी तक्रार आहे. विजयादशमीला दीक्षाभूमीवर आलेले पाहुणे एव्हाना आपापल्या गावी परतले असतील आणि तुमच्या घरातल्या सतरंज्या माळ्यावर गेल्या असतील. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना दुखतो की चढताना, हे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तुमच्या पत्रात तुमचं काहीच नव्हतं, माझंच पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवलेलं होतं. (निवृत्त मुख्याध्यापकाला दुसरं काय सुचणार? दहापैकी साडेसहा गुण मिळाले. साठीच्या उंबरठ्यावर मिळालेले गुण म्हणून मी ते कपाटात जपून ठेवले आहेत.) हे पत्र मात्र तपासू नका. का, ते शेवटी कळेल.

तुमची अक्षता मजेत आहे. सोमवारी परीक्षा झाली, गुण तिनं फोनवर सांगितलेच असतील. ती माझ्याकडे राहून नोकरी आणि अमेरिकेच्या परीक्षेचा अभ्यास एकदम करत होती हे तुम्हाला ठाऊक आहे. हा अभ्यास कसा झाला आणि त्यात माझी काय अवस्था झाली, हे तिनं सांगितलं नसणार. मीच तिला तशी शपथ घातली होती. आता मी स्वतःच सांगते.

ऑगस्टमध्ये ती साडेतीन हजार अवघड इंग्रजी शब्दांची यादी घेऊन आली. एका चिठ्ठीवर शब्द, मागे अर्थ. सकाळी हिंजवडीच्या बसची वाट बघताना ती हे पाठ करायची आणि संध्याकाळी आल्यावर त्यातले निम्मे विसरलेले असायचे. मला ते बघवेना. आपल्याला इंग्रजी असं कुणी शिकवलं होतं? सिस्टर बर्नडेट आठवतात ना? तुम्ही मला शाळेत सोडायला यायचात तेव्हा तुमच्या सायकलकडे संशयानं बघायच्या त्या. त्यांच्या वर्गात डिक्शनरी एकच होती आणि ती कुलपात असायची. त्या म्हणायच्या, शब्द कधी एकटा राहत नाही, तो वाक्यात राहतो. अर्थ हवा असेल तर शेजाऱ्यांना विचारा. माझ्यासारखीला ते बरंच होतं. घरी आबा खडकीच्या कारखान्यातून दमून यायचे, आईला अक्षरओळख नव्हती, तुम्ही कॉलेजात. विचारायचं कुणाला? त्यामुळे मला न विचारण्याची सवयच लागली. शब्द समजला नाही की मी पुढचं-मागचं वाक्य बघायची, अंदाज बांधायची आणि गप्प बसायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहेतीस वर्षं ट्रंक कॉल जोडले ते याच जोरावर. अंदाज चुकले तरी कुणाला कळत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

तेव्हा मी अक्षताच्या चिठ्ठ्या डब्यात बंद केल्या आणि तिला सांगितलं की रोज संध्याकाळी मी दहा शब्दांची दहा वाक्यं देईन, अर्थ तू ओळखायचास. आता रोज दहा वाक्यं आणायची कुठून? घरात समोर बसलेला माणूस एकच, आमचे हे. मांजरी गावच्या ऊस-संशोधनाच्या शेतावर तीस वर्षं काढून घरी बसलेले. पहिल्या दिवशीच मी तिच्या या मामांवर वाक्य केलं: ‘मामा जेवताना इतके लॅकोनिक असतात की मीठ, पाणी आणि झालं या तीन शब्दांत त्यांचं जेवण उरकतं.’ अक्षतानं अर्थ पटकन ओळखला. हे शेजारीच बसून जेवत होते. ते म्हणाले, “ताक.” म्हणजे चार शब्द झाले.

पण वाक्यं करायची म्हणजे माणसाकडे बघावं लागतं, आणि दादा, मी यांच्याकडे नीट बघितल्याला बरीच वर्षं झाली होती. सप्टेंबरात मी ‘फर्टिव’ या शब्दाचं वाक्य केलं: ‘मी खोलीत आले तसं मामांनी फर्टिव नजरेनं दाराकडे बघत हातातलं पुस्तक पेपरांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं.’ अक्षतानं अर्थ बरोबर सांगितला, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “आत्या, हे तू मनानं केलंस की मामा खरंच असं करतात?” खरंच केलं होतं. त्याच दिवशी दुपारी.

मग मला एकेक दिसायला लागलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे चार वाजता काखेत फाइल घेऊन बाहेर पडायचे, ‘जरा जाऊन येतो’ एवढंच सांगून. सातला परतायचे तेव्हा आवाज बसलेला. आले की मीठ-हळदीच्या गुळण्या. सकाळी न्हाणीघरात नळ सोडून आत काहीतरी पुटपुटायचे. मी दाराशी गेले की पुटपुटणं बंद, नळ चालू. ऑक्टोबरात एके दिवशी काही कारण नसताना माझ्यासाठी शेवंतीची वेणी घेऊन आले. (छत्तीस वर्षांत त्यांनी मला वेणी आणलेली तीनदा, आणि तिन्ही वेळा घरात काहीतरी वाईट घडलेलं होतं.) धुवायच्या शर्टाच्या खिशात बसची तिकिटं सापडली. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, ही बिबवेवाडीची.

बिबवेवाडीत आपलं कुणी नाही. मी शेजारच्या इंदुबाईंकडे गेले. साखर मागायला गेल्यासारखं दाखवलं आणि सहज विचारलं, बिबवेवाडीला काय आहे हो? इंदुबाई विळीवरून नजर न उचलता म्हणाल्या, “बिबवेवाडीला माणूस हौसेनं जात नाही.” पुढे त्यांनी सांगितलं की त्यांच्या थोरल्या दिरांना तिथेच घशाच्या डॉक्टरांकडे दाखवायचे. मी विचारलं, आता कसे आहेत? तर त्या म्हणाल्या, “फोटोत बरे दिसतात.” आणि वाटीभर साखर दिली.

बसलेला आवाज, गुळण्या, फाइल, बिबवेवाडी, वेणी. सिस्टर बर्नडेटना विचारलं असतं तर त्यांनीही हाच अर्थ काढला असता. दादा, त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते मला नीट लिहिता येणार नाही. त्यांच्या ताटात मी मऊ भात वाढायची. भाकरी का नाही, असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्याचाही मी अर्थ काढला. अक्षताचे शब्द चालूच होते, पण माझी वाक्यं बिघडली. ‘ओमिनस’साठी मी वाक्य केलं: ‘गुळण्यांचा तो ओमिनस आवाज ऐकून तिच्या हातातली वाटी खाली पडली.’ ‘स्टोइक’साठी (म्हणजे निमूट सोसणारा) केलेलं वाक्य मी पुरं वाचूच शकले नाही. पोरीला परीक्षेला पंधरा दिवस राहिले होते आणि मी तिच्यापुढे पदर डोळ्याला लावून बसले. ती म्हणाली, “आत्या, तू त्यांना सरळ विचार ना.” मी म्हटलं, “विचारायचं असतं तर तुझ्या चिठ्ठ्या कशाला बंद केल्या असत्या?” पण परीक्षेच्या आधी मी या भानगडीत पडणार नाही, एवढं वचन मात्र तिनं माझ्याकडून घेतलं.

परवा गुरुवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मला तिच्या स्कूटीवर मागे बसवलं, आणि पुण्यातल्या पोरी गुंडाळतात तसा ओढणीनं माझा चेहरा गुंडाळला, फक्त डोळे उघडे. या वयात मी दरोडा घालायला निघाल्यासारखी दिसत होते. यांची बस पुढे, आम्ही मागे. बसच्या मागे राहणं पुढे जाण्यापेक्षा अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं. दोनदा आम्ही तिच्या पुढे गेलो आणि दोनदा अक्षताला रस्त्याकडेला थांबून चप्पल सारखी करायचं नाटक करावं लागलं. स्वारगेटला हे उतरले, बस बदलायला उभे राहिले, शेंगदाण्यांची पुडी घेतली आणि एकेक दाणा सावकाश खाल्ला. मी मनात म्हटलं, यांना गिळता येतंय अजून. मला एवढा आनंद माझ्या लेकाला, अनिरुद्धला अमेरिकेचा व्हिसा मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

बिबवेवाडीत ते एका इमारतीत शिरले. खाली औषधांचं दुकान, आणि पहिल्या मजल्यावर पाटी: कान, नाक, घसा. अक्षताला खाली गाडीपाशी थांबवून मी कठडा धरून वर गेले. डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर हे नव्हते, म्हणजे आत गेलेले असणार. कंपाउंडरनं नंबर घेणार का विचारलं, मी मान डोलावली. वीस मिनिटं बसले. आतून बाहेर आली ती एक बाई आणि तिचं मूल. मग माझा नंबर आला. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. मी काही सांगायच्या आत त्यांनी मला आ करायला लावला, आत बॅटरी मारली आणि म्हणाले, आजी, घसा उत्तम आहे, त्रास काय होतो? तेव्हा मी यांचं नाव सांगितलं, आणि जे असेल ते मला खरं सांगा म्हणाले. त्यांनी वही बघितली. असे कुणी पेशंट नाहीत. मग त्यांनी हसून बोट छताकडे केलं. “वरच्या क्लासात जात असतील. तिथे फार मोठ्यानं बोलायला लावतात. महिन्याला चार-पाच घसे माझ्याकडे येतात.”

दुसऱ्या मजल्यावर इंग्रजी संभाषणाचा क्लास होता. दार अर्धं उघडं. विशी-बाविशीची पंचवीस-तीस पोरं बाकांवर, आणि फळ्यापुढे उभे आमचे हे, हात मागे बांधून, उसाच्या प्रदर्शनात मंत्र्यांपुढे उभे राहायचे तसे. प्रत्येकानं आपल्या कुटुंबावर दोन मिनिटं बोलायचं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. ते इंग्रजीत बोलत होते, मी इथे मराठीत लिहिते आहे. त्यातल्या चुका लिहीत नाही. त्या त्यांच्या आहेत.

ते म्हणाले, “माझा नातू चार वर्षांचा आहे. तो अमेरिकेत आहे. दर रविवारी तो मला फोनवर एक प्रश्न विचारतो. मी फोन बायकोला देतो. बायको कॉन्व्हेंटची आहे. तो काय म्हणाला ते ती मला सांगते. पण ती सांगते तोवर प्रश्न शिळा होतो.”

मास्तरीण बाईंनी विचारलं, मग घरीच बायकोकडून का नाही शिकत? यांनी मागे बांधलेले हात सोडले आणि परत बांधले. मला वाटलं, शब्द सापडत नसेल. मग म्हणाले, “लग्नानंतर मी एकदा तिच्यापुढे इंग्रजी बोललो होतो. ती हसली. वाईट मनानं नाही हसली.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा, मी हसले होते. माझ्या ऑफिसच्या चहापानाला, सदुसष्ट साली, माझ्या साहेबांसमोर. मी ते त्याच संध्याकाळी विसरले. त्यानंतर हे माझ्यापुढे इंग्रजीचा एक शब्दही बोलले नाहीत, आणि यांना त्याची आवड नाही, असा मी पस्तीस वर्षं अर्थ लावून मोकळी झाले.

मी आत गेले नाही. अक्षताला म्हटलं, घरी चल, आणि जोरात चालव. हे आले तेव्हा गुळण्यांचं पाणी कोमट करून तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, आवाज बसलाय तुमचा. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, “हं” म्हणाले आणि मोरीकडे गेले. ताटात भाकरी वाढली, तीही गुपचूप खाल्ली. आत्ता हे पत्र लिहिते आहे, तेव्हा ते क्लासलाच गेले आहेत. माझी काळजी मिटली, त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, एवढंच कळवायचं होतं. तुम्ही आणि वहिनी जपून राहा.

तुमची धाकटी,
हिरा

ता. क. एवढंच कळवायचं नव्हतं. पेपरांच्या गठ्ठ्याखालचं पुस्तक मी आज काढून बघितलं (माझ्या लग्नात तुम्ही दिलेली डिक्शनरीच आहे ती). आत क्लासचा एक कागद होता. कोर्सच्या शेवटी ओळखीच्या माणसाला फोन करून दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं आहे. ‘कुणाशी?’ या रकान्यात त्यांनी आधी नातवाचं नाव लिहून खोडलं आहे, आणि खाली तुमचं लिहिलं आहे. कागदावरच्या तारखेप्रमाणे पुढच्या रविवारी सकाळी तुम्हाला फोन येईल. मला काही माहीत नाही असं समजा. सावकाश बोला. उसाबद्दल विचारा, ते त्यांना येतं. आणि दादा, तुमच्या पाया पडते, दुरुस्त करू नका. एकही शब्द नाही. लाल शाई त्या दिवशी वहिनींच्या ताब्यात द्या. तुमच्याशी बोलून धीर आला तरच ते नातवाशी बोलतील.

ता. क. २. अक्षता म्हणते की पेपरातले बहुतेक शब्द तिला आले ते डब्यातल्या चिठ्ठ्यांमुळे. मी झोपले की ती डबा उघडत होती. माझ्या वाक्यांमुळे आलेले शब्द चार. चारही मामांवरचे.

ता. क. ३. सोमवार. शनिवारी पत्र पाकिटात न घालता मी टेबलावर ठेवून भाजी आणायला गेले होते. आज टाकायला काढलं तर स्वारगेटच्या परिच्छेदाशेजारी, समासात, पेन्सिलीनं एक ओळ लिहिलेली आहे. अक्षर यांचं. भाषा इंग्रजी. शेंगदाणे नव्हते, फुटाणे होते, असं लिहिलं आहे, आणि तोंडाला ओढणी बांधली तरी तुझी चप्पल मला ओळखू येते, असंही. घरात याबद्दल अजून कुणी कुणाला काही विचारलेलं नाही. सकाळी मात्र न्हाणीघरातला नळ बंद होता आणि आतलं पुटपुटणं स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.

त्या एका ओळीत दोन चुका आहेत. मी त्यांना हात लावलेला नाही. तुम्हीही लावू नका.