परड्यातला चर

गडमुडशिंगी

प्रिय तेजू,

हे फोनवर सांगता आलं नसतं. संग्राम घरात असला की माझा शब्द न् शब्द ऐकतो, आणि हल्ली तो घर सोडून कुठं जातच नाही. म्हणून लिहायला बसले. तू पोटुशी आहेस, तुला घाबरवू नये हे मला कळतं. तेव्हा आधी एवढं वाच, की तुझे बाबा, तुझा भाऊ आणि मी, तिघंही धडधाकट आहोत.

तुझ्या येण्याची सगळ्यात जास्त घाई संग्रामलाच होती. बहिणीचं पहिलं बाळंतपण, तेव्हा डोहाळजेवण आपल्या घरामागच्या परड्यातच व्हायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. गावात कुणाच्या दारात नाही अशी हिरवळ करतो म्हणाला. परडं सपाट केलं, लाल माती ओतली, घराच्या मागच्या भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केला, झोपाळ्याखाली फरशी बसवली. त्या वाफ्याखाली आपला चर गेला. वरच्या माळाचं पाणी घराला वळसा घालून ओढ्यात सोडणारा चर. घर बांधलं त्या पावसाळ्यात मागच्या दारातनं पाणी शिरलं होतं, चुलीतली राख घरभर तरंगली होती. तेव्हा बाबांनी आणि मी तो खणला, दगड लावून बांधून घेतला.

मी संग्रामला म्हटलं, "अरं, पाणी कुठनं जाईल?" तो हसला. "आई, खाली पाईप टाकलाय की. किती भ्याचं ते!" बाबाही म्हणाले, "पोरगं हौसेनं करतंय, करू दे." पण त्या दिवसापासून आभाळ भरून आलं की मी उगाच जाऊन पाईपचं तोंड बघून यायचे. मनगटाएवढं ते तोंड, आणि वर अख्खा माळ.

गेल्या आठवड्यात भर दुपारी वळीव आला, गारांसकट. मी मागच्या खोलीत होते. तुझ्यासाठी पलंग लावला होता, त्यावर वाकळ अंथरत होते. आधी भिंतीच्या बुडाशी ओल दिसली. मग फरशीच्या सांध्यांतनं गढूळ पाणी वर यायला लागलं. खिडकीतनं बघते तर हिरवळीचं तळं झालेलं. ताज्या मातीनं पाईप गच्च बुजला होता आणि सगळं पाणी त्या भिंतीला टेकून उभं होतं. भिंतीतनं बारीक आवाज येत होता, दाढेखाली वाळू यावी तसा. ओसरीवरनं बाबा ओरडले, "शालन, भाईर ये!" मी उंबरा ओलांडला आणि मातीत बांधलेली ती जुनी भिंत आत कोसळली. पलंगावरच. उशीच्या जागी नुसत्या विटा होत्या.

संग्राम परड्यात धावला आणि नखांनीच हिरवळ उपसायला लागला. बाबांनी दंडाला धरून त्याच्या हातात खोरं दिलं, तेव्हा कुठं तो भानावर आला. दोघांनी पावसातच चर मोकळा केला. पाणी ओढ्याकडं सुटलं, पुढचं घर वाचलं. आता तिथं ना हिरवळ आहे, ना वाफा. चर उघडा आहे, पाणी जातंय. तरीही ढग गडगडला की तो कुदळ घेऊन मागं जातो, आणि मी एकेका भिंतीवर तळहात ठेवून ओल चाचपत फिरते.

त्यानंतरच त्यानं तुला फोन केला. "बाळंतपण तिकडंच कर, हिकडं येऊ नको," एवढंच बोलून ठेवून दिला. जावई सांगत होते, तू जेवली नाहीस, माहेर तुटलं म्हणून रडत बसलीस. म्हणून हे लिहिलं, बाळा. माहेर तुटलेलं नाही. त्या विटांखाली त्याला तू दिसतेस, बाळासकट, आणि हे तोंडानं बोलायची त्याची छाती होत नाही. खरंच येऊ नकोस. यंदाच्या पावसात या घरावर माझाही भरवसा नाही. मीच येते नाशिकला, बाळंतपण उरकेपर्यंत राहते. पोचवायला संग्राम येईल. त्याला भिंतीचं काही विचारू नकोस. पिशव्या दारात ठेवून तो तसाच माघारी फिरायला बघेल. त्याला हात धरून आत घे, आणि म्हण, "दादा, जेवून जा."

तुझीच,
आई