दहावं रीळ

नीउ-व्हेनेप

प्रिय कुमुद,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दोनदा लिहून फाडलं. शिवाय या डच गावात पोस्टाची पेटी कालव्यापलीकडे आहे, आणि मधल्या रस्त्यावर सायकली अशा अंगावर येतात की मी काठी धरून नुसता उभाच राहतो. अंबरीश म्हणतो, बाबा, आत्याला फोन करा ना. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही.

आधी आनंदाची बातमी. आपल्या मृण्मयीनं मैदान मारलं! तुला माहीतच आहे, ती सिनेमाचा अभ्यास करते. तिचा विषय युद्धानंतरचे इंग्रजी सिनेमे, आणि त्यांत बायका कशा दाखवल्या ते. मी सातवी नापास, मला त्यातलं काय कळणार? पण ती हॉलमध्ये ते सिनेमे लावून बसायची, मी शेजारी मटार सोलत बसायचो. एकदा सहज बोलून गेलो, आता वर उजव्या कोपऱ्यात ठिपका येईल. आला! पोरगी उडालीच. मग तिला सांगितलं, की पुण्याच्या कँपातल्या थिएटरात तुझा आजोबा अकरा वर्षं ऑपरेटर होता. रीळ संपत आल्याचा तो ठिपका दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, नाहीतर पडदा पांढरा आणि खालून शिव्या.

मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. इंग्रजी कळत नव्हतं म्हणूनच बहुधा बायकांचे चेहरे नीट पाहिले गेले. जिचे ओठ गडद रंगवलेले, ती आठव्या रिळापर्यंत मरणार किंवा रडणार. आम्ही केबिनमध्ये त्यावर चहाची पैज लावायचो. तरुण नर्स आली की खालून शिट्ट्या. आणि मेट्रन नेहमी जाडी, खेकसणारी, लोकांनी हसावं म्हणूनच ठेवलेली. मृण्मयी म्हणाली, आणि आपली आत्याआजी? मी म्हटलं, तिला कुणी हसून दाखवावं! चौतीस वर्षं नोकरी केली, मेट्रन झाली, डॉक्टरसुद्धा तिच्यासमोर बूट पुसून वॉर्डात शिरायचे.

ती म्हणते, युद्धात तिकडच्या बायकांनी गाड्या हाकल्या, कारखाने चालवले. पुरुष परत आले, आणि मग सिनेमानं बायकांना गोडीगुलाबीनं पुन्हा स्वयंपाकघरात धाडलं. मी म्हटलं, गोडीगुलाबी कसली, शेवटचं रीळ लागलं की ॲप्रन आलाच. हे वाक्य तिनं वहीत लिहून घेतलं, कुमुद. माझं वाक्य!

तुला तो रविवार आठवतो का, हे विचारणंच वेडेपणा आहे. चौसष्ट साल. मिरजेला नर्सिंगसाठी तुझी निवड झालेली, आणि सोमवारी त्या स्थळाला होकार कळवायचा म्हणून वडील अडून बसलेले. तू रडून रडून डोळे सुजवलेस म्हणून मी तुला सकाळच्या इंग्रजी खेळाला बाल्कनीत बसवलं. ती युद्धात रुग्णवाहिका चालवणारी बाई, नवऱ्यानं मोटारीची किल्ली काढून घेतली म्हणून बॅग भरून निघते, आगगाडीत बसते, गाडी हलते. आणि दिवे लागले. एकाच प्रिंटवर दोन थिएटरं चालायची, रिळं सायकलवरून यायची; त्या दिवशी शेवटचं, दहावं आलंच नाही, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. तू घरी येऊन वडिलांना म्हणालीस, ती बाई गेली, मीही जाणार. आणि गेलीस.

मृण्मयीनं तोच सिनेमा शोधून काढला. गेल्या महिन्यात आर्नहेमच्या एका लहान थिएटरात तिनं तो रिळांवर दाखवला आणि त्यावर भाषण केलं. मला जायची धास्ती होती. दोनदा गाडी बदलायची, संडास कुठे असेल, गोळ्यांची वेळ चुकेल. पण तिनं मला थेट केबिनमध्ये नेलं. तिथली ऑपरेटर एक बाई, साठीची, हाताला तेल. खुणेनंच म्हणाली, तुम्ही करा. ठिपका दिसला आणि हात आपोआप चालला गं. नऊ बदल, एकदाही पडदा पांढरा नाही!

म्हणजे नववा बदल मृण्मयीनं थोडा थांबवला. गाडी हलली तिथे दिवे लावले आणि तुझी गोष्ट सांगितली. पुण्याची अठरा वर्षांची मुलगी, न आलेलं रीळ, मिरज, चौतीस वर्षं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग तिनं खूण केली आणि मी दहावं लावलं. ती बाई पुढच्या स्टेशनावर उतरते, घरी परतते, ॲप्रन बांधते, नवरा पाइप पेटवतो, ती हसते. ॲप्रनची गाठ बसली तेव्हा अख्खं थिएटर एका सुरात ओरडलं, नेऽऽ! डच भाषेत नेऽऽ म्हणजे ‘नाही’. कुमुद, साठ वर्षं मला असं ओरडायचं होतं.

आता खरं सांगतो. येत्या महिन्यात मृण्मयी पुण्याला येतेय, ते शेवटचं रीळ तुला दाखवणार आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. त्या रविवारी रीळ वेळेवर आलं होतं. तो खेळ मी आठवडाभर चालवत होतो, ॲप्रन मला पाठ होता. डबा स्टुलावर ठेवला, त्यावर बसलो आणि मॅनेजरला ओरडून सांगितलं, रीळ आलं नाही. मी, घरातला दिवा गेला तरी ज्याला घाम फुटतो, तो मी. खेळ अर्धवट राहिला म्हणून मॅनेजरनं मला आठ दिवस घरी बसवलं. तू बदलीच्या गावात एकटी तापानं फणफणलीस तेव्हा वाटलं, हे माझ्यामुळे. तुझ्या निरोपसमारंभाला अख्खं हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हाही वाटलं, माझ्यामुळेच. आणि त्या वाटण्याची लाज वाटली. तू एवढंच सांग, ते रीळ पाहिलं असतंस तरी गेली असतीस ना? हो असेल तर माझी फुशारकी गेली, चालेल. नाही असेल तरीही लिही. पण लवकर लिही, एका ओळीचं का होईना. मी रोज दाराच्या फटीतून आत पडलेली पत्रं बघतोय.

तुझाच,
देवदत्तदादा