अडीच गुण

३ मार्च
यंत्र आले! डोक्याला बांधायचा पट्टा, त्यात दोन स्पंज, सोबत मिठाच्या पाण्याची बाटली. रोज अर्धा तास, सहा आठवडे. सासूबाईंनी विचारले, शॉक देतात तोच का हा प्रकार? मुळीच नाही. इथे कपाळातून जेमतेम दोन मिलिअँपिअर प्रवाह जातो; विजेरीच्या बल्बला याच्या शंभरपट लागतो. नैराश्यात मेंदूचा जो भाग सुस्तावतो, त्याला हलकेच जागे करायचे, अशी कल्पना. हे त्यांना सांगायला हवे होते. मी "नाही" एवढेच म्हणाले. माझ्यातली विज्ञानाची शिक्षिका सात महिने रजेवर आहे, आणि तिची वाचाही.

४ मार्च
पट्टा काढला की मनःस्थितीला दहापैकी गुण द्यायचे आणि कळवायचे, असा डॉक्टरीणबाईंचा नियम. आज अडीच.

७ मार्च
घरभर ओल्या चादरी! जेवताना शर्टाची बाही पाठीवर टपकते. नोव्हेंबरात यांनी मला गच्चीच्या कठड्यावर चढताना पाहिले, त्या दिवसापासून गच्चीची किल्ली खिळ्यावर नाही. आज मागितली. हे घड्याळे दुरुस्त करतात, डोळ्यावरचे भिंग न काढताच म्हणाले, "डॉक्टर म्हणतील तेव्हा." डॉक्टर गुण बघून म्हणणार. आणि गुण अडीच!

१२ मार्च
स्पंज जरा वाळला की यंत्र पीं पीं करते. ओला केला, तर पाणी नाकावरून थेट चहात. सासूबाई म्हणाल्या, "साखर संपली असेल तर सांग हो, मीठ नको घालूस." मग राहवलेच नाही. साधे पाणी का चालत नाही, मिठाने प्रवाहाला वाट कशी मिळते, सगळे सांगितले. "बरं बाई," म्हणाल्या.
झोप बरी, म्हणून अर्धा वाढवला. दुपारी रडले, म्हणून अर्धा कापला. अडीच.

२० मार्च
तीन.

२१ मार्च
अडीच. वैताग.

२६ मार्च
डॉक्टरीणबाईंचा फोन. आलेख सपाट आहे. असाच राहिला तर सहा आठवड्यांनी यंत्र बंद करून दुसरा उपाय पाहू, म्हणाल्या. सात गुण लिहिले तर यंत्रही राहील, किल्लीही मिळेल. पेन उचलले होते. पण बावीस वर्षे दुसऱ्यांच्या कॉप्या पकडल्या. आता स्वतःच्याच वहीत कॉपी करू?
हे अधूनमधून दुकानाच्या वहीत काहीतरी टिपत असतात. गिऱ्हाइकाचे का, म्हणून विचारले. "हं."

५ एप्रिल
कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, असे सासूबाईंनी विचारले. दाबापासून सुरुवात केली, ती डोंगरमाथ्यावर पाणी कमी तापमानाला का उकळते इथपर्यंत गेले. मध्येच अर्धा तास भरून यंत्र आपोआप बंद झाले, ते कळलेही नाही. भाजी तशीच, कपडे तसेच. दिवसभरात काम शून्य, नुसती बडबड! अडीच.

१४ एप्रिल
दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी माझा आलेख समोर ठेवला. यांनी त्याच्या शेजारी दुकानाची वही ठेवली. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात मिनिटे. मार्चचा पहिला आठवडा: शून्य, शून्य, शून्य. १२ मार्चला सहा. ५ एप्रिलला एकेचाळीस.
"हिने आईला काही समजावून सांगितलं, ती मिनिटं," हे म्हणाले. "घड्याळ नीट चालतंय का, हे मी घड्याळाला विचारत नाही."
बाईंनी मला विचारले, वर्गात कुणाला दहापैकी दहा दिले आहेत का. म्हटले, आठसुद्धा नाहीत. त्या हसल्या. मग हसू आवरून, शांतपणे: "कठड्याचा विचार येतो?"
नाही येत. केव्हापासून, ते नोंदवायचे राहून गेले. माझ्याकडून! बाईंनी तेवढेच लिहून घेतले. यंत्र चालू ठेवायचे. किल्लीबद्दल घरी येईपर्यंत कुणी शब्द काढला नाही.

१६ एप्रिल
सकाळी किल्ली खिळ्यावर होती. चादरी घेऊन वर गेले, सावकाश वाळत घातल्या. खाली आले, तर जिन्याशी कुणी थांबलेले नव्हते. हे केव्हाच दुकानात गेले होते.