पाचजणांना घातलेली शपथ

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही होतात तेव्हाही आपण कामापुरतंच बोलायचो. पण परवा शारजाहून तुमच्या हेडकोचचा ईमेल आला. त्याला मी जे उत्तर देणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहिते.

तुम्ही गेल्याला वर्ष होतंय, तर कॉलेज तुमच्या नावाने ट्रॉफी देणार आहे. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातल्या सर्वोत्तम लाइनमनला, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूला. मुलगी म्हणून मी चार हृद्य शब्द पाठवावेत, अशी त्यांची इच्छा. नमुन्यादाखल त्यांनी स्वतःचं एक वाक्यही जोडलंय: ‘हा माणूस कायम माझ्या पाठीशी उभा राहिला.’

पाठीशी? लाइनमन पुढे उभा राहतो. निदान एवढं तरी बरोबर लिहायचं!

तुम्ही कॉलेजच्या जिममध्ये इन्स्ट्रक्टर होतात. तरुणपणी सांगलीकडून कबड्डी खेळलेले. अमेरिकन फुटबॉल तुम्ही टीव्हीवरसुद्धा धड पाहिला नव्हता. पण बिझनेस शिकवणाऱ्या त्या अमेरिकन प्राध्यापकांना, म्हणजे या हेडकोचना, शारजात टीम उभी करायची होती. बॉल फेकायला आणि बॉल घेऊन पळायला हवी तेवढी मुलं मिळाली. पुढच्या फळीत उभं राहायला कोण तयार होणार? तिथल्या पाचजणांनी बॉलला हातही लावायचा नाही. समोरून अंगावर येणारी माणसं अडवायची आणि मागच्या बॉल फेकणाऱ्याला वाचवायचं, बस. “तुमच्या कबड्डीत माणूस अडवतात ना? मग हे पाच तुमचे,” असं हेडकोच म्हणाले आणि तुम्ही झालात लाइन कोच.

खरी पंचाईत तिथेच होती. कबड्डीत पकड लागली की टाळ्या, इथे पकडलं की फाउल! ढकला, खांदा द्या, पण धरायचं नाही. तुमचे पाचही जण देशी, गल्लीत आट्यापाट्या आणि कबड्डी खेळलेले. समोरचा निसटायला लागला की हात आपोआप त्याच्या जर्सीला. पंचाने पिवळा रुमाल टाकला की टीम दहा यार्ड मागे. अबू धाबीतल्या पहिल्या मॅचला एवढे रुमाल पडले की मागून कोणीतरी ओरडलं, “हबीबी, छोड दे! शादी करनी है क्या उससे?” सगळं स्टँड हसलं. तुम्ही मान खाली घालून बसलात. मी शेजारीच मॅच टिपायला हँडीकॅम धरून उभी होते, पण तुमच्याकडे पाहिलं नाही. पाहिलेलं तुम्हाला आवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शारजातल्या रोल्ला बाजारातून लिंबांची पिशवी आणलीत. प्रत्येकाच्या दोन्ही मुठींत एकेक लिंबू. हात गुंतलेले असले की पकडणार कशाने? लिंबू फुटलं की मैदानाला फेरी. नईम रोज विचारायचा, “सर, आज सरबत की लोणचं?” हा नईम मूळचा श्रीवर्धनचा, अजमानहून यायचा, पाचांतला सगळ्यात आडवा. त्याच्या तळहातांना महिनाभर लिंबाचा वास होता.

मी मॅचची कॅसेट लावून, थांबवून, कोणाचा खांदा किती उंच राहतो ते मोजायचे. एकदा मी बलांची आकृती काढून तुम्हाला दाखवली. तुम्ही बराच वेळ पाहिलीत आणि म्हणालात, “एवढं सगळं काढलंस, म्हणजे खाली वाक, असंच ना?” मला राग आला होता. आज हे लिहिताना हसू येतंय. त्या दोन हंगामांत आपण जेवढं बोललो, तेवढं परत कधी बोललो का?

मग ती दुपार. मॅच जवळ आली होती. अंगभर पॅड, डोक्यावर हेल्मेट घालून उन्हात सराव नको, सूर्य कलू दे, असं तुम्ही हेडकोचना दोनदा सांगितलंत. मी तिथेच होते. “फुल पॅड्स. यल्ला, चला!” ते म्हणाले. पाण्याची सुट्टीही त्यांनीच पुढे ढकलली. नईम ऊन लागून खाली पडला तेव्हा त्याला घामसुद्धा येत नव्हता. तुम्ही त्याचं हेल्मेट काढलंत, अंगावर बर्फाचा डबा रिकामा केलात. तो वाचला, पण पुन्हा कधी खेळला नाही.

चौकशीत विचारलं, सराव कोणी लावला? तुम्ही म्हणालात, “लाइनचा सराव माझा होता.” हेडकोच शेजारीच बसले होते. त्यांना घसा खाकरायलासुद्धा जमलं नाही!

घरी आई तुम्हाला म्हणाली, “लोकांच्या पोरांना पाणी पाजत हिंडलात. आता स्वतःच्या पोरीचं काय?” तुम्ही म्हणालात, “पाचही पोरं कॉलेजच्या व्हिसावर आहेत. साहेबाविरुद्ध बोलली तर त्यांना कोण ठेवून घेईल?”

बरोबर. आणि मी कोणाच्या व्हिसावर होते, बाबा? तुमच्या. तुमची नोकरी गेली, व्हिसा गेला आणि आपण तिघं सांगलीला आलो. जिथे मी जन्मले, वाढले, ते गाव महिन्याभरात माझ्यासाठी खलास. तिथली माझी इंजिनियरिंगची दोन वर्षं इथे कोणी धरली नाहीत. पुन्हा पहिल्या वर्षाला बसले, माझ्यापेक्षा लहान मुलांच्या बाकावर. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, चालेल का? नाही म्हटलं असतं का मी? माहीत नाही. पण विचारायला हवं होतं.

तुमच्यापेक्षा जास्त राग मला त्या पाचांचा होता. तुम्ही नका म्हणालात म्हणून काय झालं? पदवी मिळाल्यावर, नोकऱ्या लागल्यावर तरी एकाने तोंड उघडायचं! सांगलीत हंगामी पी.टी. मास्तर म्हणून पोरांना कवायत शिकवता शिकवता तुम्ही गेलात, तरी यांचं एक अक्षर नाही. नईमचा फोन यायचा तेव्हा मी आईकडे रिसीव्हर द्यायचे.

ईमेल आला त्या दिवशी मात्र मीच त्याला फोन केला. सरळ विचारलं, “गप्प का बसलात?”

तो म्हणाला, “तुला सरांनी सांगितलं नाही?”

“काय?”

“चौकशीच्या आधी आम्हाला जिममध्ये बोलावलं. पाचहीजण खरं सांगणार होतो, अल्लाची कसम. माझे अब्बा तर कम्प्लेंट घेऊनच आले होते. सर म्हणाले, कोणी एक शब्द बोललात तर माझ्या मेधाची शपथ.”

माझी शपथ!

“आम्ही कसं बोलणार?” नईम म्हणाला. “तुला काही झालं असतं तर?”

मला काही झालं नसतं, बाबा. शपथेने कोणाला काही होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. पण त्या पाचांना ते माहीत नव्हतं, आणि हेही तुम्हाला माहीत होतं. ती पोरं इतकी वर्षं माझा जीव सांभाळत होती आणि मी त्यांना भेकड समजत होते. दुसऱ्याच्या मुलांना वाचवायला स्वतःच्या मुलीचा जीव पुढे केलात, तोही तिला न विचारता! यालाच ते लोक आता त्याग म्हणणार आहेत.

नईम म्हणाला, “सर तर गेले. ज्याच्या नावाने घातली त्याने सोडली तरी चालते ना? तू म्हण, मग आम्ही बोलतो.”

“सुटली,” मी म्हटलं.

“थांब, थांब. स्पीकरवर टाकतो. आम्ही चौघं रोल्लात जेवायला बसलोय. एक दोहाला असतो, त्याला मी सांगेन. हां, आता म्हण.”

मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी चहा मागत होतं. मी ऑफिसातून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “शपथ सुटली.” तिकडे कोणीतरी नाक ओढलं.

उत्तर उद्या जाईल. त्यात हृद्य शब्द नसतील. त्या दुपारी सराव कोणी लावला, नको कोण म्हणालं आणि चौकशीत कोण गप्प बसलं, एवढंच असेल. खाली आम्हा सहाजणांची नावं. हे सगळं समारंभात वाचून दाखवणार असाल तरच ट्रॉफीला बाबांचं नाव द्या, नाहीतर दुसरं शोधा, असंही लिहिलंय.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कशाला आता? जाऊ दे. नाही जाऊ देणार. वचन देते, बाबा: तुमच्या चांगुलपणाच्या आड आता मी कोणालाच लपू देणार नाही. तुम्हालाही नाही.

तुमची, अजून जिवंत आणि धडधाकट असलेली,
मेधा