उजेड पाहायचा फोटो

प्रिय बाबा,

आज राहवलंच नाई, म्हणून लिहून राहिली. तुमच्यामुळं आज आपल्या स्टुडिओची इज्जत राहिली, अन् हे तुमाले नाई सांगायचं तं कोणाले सांगू?

काल कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उडाली. जुनी सारी लग्नं त्यातच! बॅकअप होता, म्हणून निवांत होती मी. पण बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन नुकतंच टाकलेलं. पहिले चहा होईपर्यंत अख्खं लग्न परत यायचं, आता एकेक फोटो रांगत येते! कंपनीत फोन केला, तं म्हणे, "मॅडम, नव्या व्हर्जनमध्ये थोडं स्लो आहे, वाट पाहा." वाट पाहा म्हणे!

अन् आज समोर भातकुलीचे एक दादा बसलेले. त्यांची माय वारली, उद्या तेरवी. फ्रेम करायले मायचा एकटीचा फोटोच नाई. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात पळे. त्यांच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो तुमीच काढले होते, तेवढीच काय ती आशा.

"ताई, भेटन का वो?" ते सारखे इचारत. एवढ्या फोटोंच्या गर्दीत माय कवा यायची?

अन् त्या लग्नाचा पहिलाच फोटो उघडला, तं माय! ओसरीवर उभी, हात हळदीनं पिवळे, पदर सावरत हासून राहिली.

मले तुमचा आवाजच आला! लग्नघरी नवरीच्या आधी तुमी घरातल्या म्हाताऱ्या माणसाले गाठत. "मावशी, उभ्या राहा जरा, फोटो नाई काढत, उजेड पाहून राहिलो." किती सफाईनं खोटं बोलत होते हो! अन् ते उजेडाचे फोटो मी पुसायले गेली की खेकसत. का पुसायचे नाई, ते जायच्या आधी एकदा तरी सांगाचं होतं ना!

दादा किती वेळ रडले. मग म्हणे, "कोनं काढला वो हा?"

"माह्या बापानं," मी म्हटलं. असं ठणकावून कधी बोलली नव्हती मी.

बाकीचं लग्न अजून येऊनच राहिलं. येऊ द्या. उजेडाचा एकही फोटो मी पुसणार नाई, वचन देते. अन् आईलेही फोटो म्हटला की कपाळावर आठ्या! उद्या सकाळी तिले अंगणात उभी करते, अन् तुमचंच खोटं बोलते.

तुमचीच,
मीनू